घरगुती नॅससाठी कमी विजेचा, माफक किमतीचा मदरबोर्ड: निवड आणि बिघाडाचा शोध

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. इंटेल एन१०० प्रोसेसर, सहा सॅटा पोर्ट (डिस्क जोडायच्या जागा) आणि चार लॅन पोर्ट असलेला एक बिनब्रँडचा मिनी-आयटीएक्स, म्हणजे लहान आकाराचा, बोर्ड आपण घेतला, त्यावर ओपनमीडियाव्हॉल्ट ही नॅसची, म्हणजे घरातल्या जाळ्यावर फाइली साठवणाऱ्या यंत्राची, लिनक्स प्रणाली टाकून साडेतीन इंची चार हार्ड डिस्कचा रेड-५ (एक डिस्क गेली तरी डेटा टिकावा अशी जोडणी) उभा केला आणि जुन्या संगणकातला ४५० वॅटचा एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा सप्लाय, त्याला जोडला. प्रोसेसर ६ वॅटचा असूनही भिंतीवरचा मीटर काहीही काम चालू नसताना ३८ वॅट दाखवतो. शिवाय अधूनमधून एखादी डिस्क रेडमधून बाहेर पडते आणि यंत्र बंद करून चालू केले की पुन्हा दिसू लागते. बोर्ड सदोष आहे का, आणि बदलायचा झाल्यास कोणता घ्यावा, हे आपल्याला हवे आहे.

बोर्ड तूर्त बदलू नये. आपण दिलेल्या वर्णनात बोर्डाकडे बोट दाखवणारे फारसे काही नाही. एसएमपीएस आणि केबल यांच्याकडे दाखवणारे मात्र बरेच आहे. त्याआधी एक काम तातडीचे आहे: रेड-५ मध्ये एक डिस्क बाहेर असताना दुसरी बाहेर पडली तर सगळाच डेटा हातचा जातो, म्हणून कारण सापडेपर्यंत महत्त्वाच्या फाइलींची प्रत वेगळ्या डिस्कवर काढून ठेवावी आणि बाहेर पडलेली डिस्क घाईने परत घालून रिबिल्ड, म्हणजे तिच्यावर डेटा पुन्हा भरणे, सुरू करू नये. रिबिल्डमध्ये उरलेल्या सगळ्या डिस्क कित्येक तास सलग वाचल्या जातात, आणि मूळ दोष विजेचा किंवा केबलचा असेल तर तो नेमका याच वेळी पुन्हा उफाळून येतो.

आता विजेचा हिशेब पाहू. ६ वॅट हा आकडा प्रोसेसरच्या उष्णतेच्या मर्यादेचा आहे. त्यावरून पूर्ण यंत्राच्या विजेचा अंदाज बांधता येत नाही. साडेतीन इंची डिस्क नुसती फिरत असताना साधारण ४ ते ५ वॅट घेते, म्हणजे चार डिस्कचे १६ ते २० वॅट झाले. बोर्ड, रॅम, लॅनच्या चिपा आणि पंखा मिळून १० वॅटच्या आसपास जातात. उरलेले वॅट एसएमपीएसमध्ये उष्णता होऊन वाया जातात, कारण ४५० वॅटच्या सप्लायवर तीस-पस्तीस वॅटचा भार म्हणजे त्याच्या क्षमतेचा दहावा हिस्सादेखील नाही. सप्लायच्या कार्यक्षमतेच्या ८० प्लस या मानकाच्या साध्या, ब्राँझ किंवा गोल्ड प्रमाणपत्रांतली मोजणी २० टक्के भारापासून सुरू होते. त्याखाली सप्लाय कसा वागतो याबद्दल ते लेबल काहीच हमी देत नाही.

हा खर्च पैशांत मांडून पाहावा. वर्षभर अखंड चालणारे १० वॅट म्हणजे सुमारे ८८ युनिट. सोयीसाठी १० रुपये युनिट धरले तर वर्षाला ८८० रुपये होतात. पाच वॅट वाचवण्यासाठी दहा हजार रुपयांचा नवा बोर्ड घेणे या हिशेबात बसत नाही. ते पैसे वसूल व्हायला वीस वर्षांहून जास्त लागतील. कमी विजेचा बोर्ड घेण्याचे खरे कारण मला वेगळेच वाटते: कमी वीज म्हणजे कमी उष्णता, कमी पंखे, घरात कमी आवाज, आणि वीज गेल्यावर छोट्या यूपीएसवरही यंत्र नीट बंद होण्याइतका वेळ. ज्या गावात उन्हाळ्यात दिवसातून दोनदा वीज जाते तिथे हा शेवटचा मुद्दा सर्वांत मोलाचा ठरतो.

बोर्ड निवडताना बहुतेक जण प्रोसेसरचे नाव पाहतात आणि मग सॅटा पोर्ट मोजतात. मी त्या पोर्टांमागे कोणती चिप आहे ते आधी पाहतो. एन१०० मध्ये स्वतःचे सॅटा पोर्ट फक्त दोन आणि तिसऱ्या पिढीच्या पीसीआय एक्सप्रेस लेन (इतर चिपा प्रोसेसरला जोडणाऱ्या वाटा) फक्त नऊ आहेत. बोर्डावर जे काही दिसते ते सगळे या मोजक्या लेनांतून वाटून दिलेले असते. सहा पोर्टांच्या अशा बोर्डांवर बहुधा पाच पोर्ट जेएमबी५८५ नावाच्या चिपकडून आलेले असतात आणि एखादाच प्रोसेसरचा मूळचा असतो. चार लॅन पोर्टांच्या चिपा प्रत्येकी एक लेन घेतात, सॅटाची चिप दोन घेते, आणि राहिलेल्या लेनांवर एम.२ (छोट्या एसएसडीचा) आणि विस्तार स्लॉट भागवले जातात. म्हणून अशा बोर्डावरचा एम.२ स्लॉट पाहायला पूर्ण आकाराचा असला तरी त्यामागे अनेकदा एकच लेन असते. विक्रेत्याने ब्लॉक डायग्राम (बोर्डावरच्या जोडण्यांचा आराखडा) दिला असेल तर तो आधी वाचावा. दिला नसेल तर लिनक्समध्ये पीसीआय उपकरणांच्या सविस्तर यादीत प्रत्येक चिपपुढे तिला मिळालेल्या लेनांची संख्या आणि वेग दिसतो.

या वाटणीने घरगुती वापरात किती फरक पडतो? तिसऱ्या पिढीची एक लेन सेकंदाला कागदावर सुमारे ९८५ मेगाबाइट वाहून नेते. अडीच गिगाबिटच्या लॅनवरून प्रत्यक्षात २८० मेगाबाइटच्या आसपास मिळतात, साध्या गिगाबिटवरून ११० ते ११५. म्हणजे रोजच्या फाइली, छायाचित्रे आणि चित्रपट यांसाठी पाच डिस्क एका लेनवर असल्या तरी अडचण येत नाही. रिबिल्ड किंवा मासिक तपासणीच्या वेळी मात्र सगळ्या डिस्क एकदम वाचल्या जातात, आणि प्रत्येकी दोनशे मेगाबाइटच्या वेगाने चार-पाच डिस्क मिळून ती लेन भरून जाते. दोन लेन असतील तर हाही प्रश्न मिटतो. लेन मोजण्यात मी याहून जास्त जीव घालवणार नाही.

विजेच्या दृष्टीने मात्र त्या चिपचे नाव महत्त्वाचे आहे. प्रोसेसर रिकामा असला की तो गाढ झोपेच्या अवस्थांत जाऊ पाहतो, पण त्याला जोडलेल्या प्रत्येक पीसीआय उपकरणाने आपली जोडणी निद्रिस्त करायला संमती द्यावी लागते. या सोयीला एएसपीएम म्हणतात. जेएमबी५८५ असलेल्या यंत्रांत ही संमती मिळत नाही आणि प्रोसेसरचे पॅकेज सी-२ किंवा सी-३ या उथळ अवस्थेतच अडकून राहते, असे वारंवार दिसून आले आहे. एएसमीडियाची सहा पोर्टांची एएसएम११६६ ही चिप योग्य फर्मवेअर (चिपच्या आतला प्रोग्रॅम) असेल तर त्याहून खोल अवस्था गाठू देते. जुन्या फर्मवेअरच्या चिपला मात्र आधी ते अद्ययावत करावे लागते. फरक काही वॅटांचा असतो. आपल्या यंत्रात काय चालले आहे हे पॉवरटॉप या प्रोग्रॅमच्या निष्क्रिय अवस्थांच्या पानावर पाच मिनिटांत कळेल: सी-६ किंवा सी-८ च्या रांगेत सतत शून्य टक्के दिसत असतील तर काहीतरी आडवे येत आहे. आधी बायोसमध्ये (यंत्र सुरू होताना उघडणाऱ्या बोर्डाच्या मांडणीत) एएसपीएम चालू आहे का ते पाहावे, कारण बिनब्रँडच्या बोर्डांवर ते बहुधा बंद ठेवूनच पाठवलेले असते. चालू केल्यानंतर डिस्क गायब होऊ लागल्या किंवा लॅन तुटू लागली तर तो बदल लगेच मागे घ्यावा. नॅसच्या बाबतीत दोन वॅटांपेक्षा स्थैर्य केव्हाही मोठे.

आता डिस्क बाहेर पडण्याकडे वळू. पहिली पायरी म्हणजे काहीही उघडण्याआधी कर्नलचा लॉग, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याने ठेवलेली घटनांची नोंद, वाचणे. डिस्क बाहेर पडली त्या क्षणाच्या आधीची दोन मिनिटे शोधावीत. तिथे एटीए या अक्षरांनंतर पोर्टचा क्रमांक, मग वाचनाची आज्ञा फसल्याची ओळ आणि त्यानंतर ‘हार्ड रिसेटिंग लिंक’ असा संदेश दिसेल. हा क्रमांक कागदावर लिहून ठेवावा, कारण पुढचा सगळा तपास त्याच्याभोवती फिरतो. एकच क्रमांक पुन्हापुन्हा येत असेल तर संशय एका डिस्कवर, एका केबलवर किंवा एका पोर्टवर जातो. एकाच सेकंदात दोन क्रमांक आले आणि त्या दोन्ही डिस्क विजेच्या एकाच तारेवर असल्या, तर संशय विजेवर. जेएमबी५८५ वरचे सगळेच क्रमांक एकदम आले आणि मूळ पोर्टवरची डिस्क मात्र शाबूत राहिली, तर ती चिप किंवा तिची उष्णता. तारखाही पाहाव्यात. डेबियनवर, म्हणजे ओपनमीडियाव्हॉल्टवरही, एमडी-रेडची (लिनक्सच्या स्वतःच्या रेडची) तपासणी सहसा महिन्याच्या पहिल्या रविवारी आपोआप सुरू होते. आपल्या घटना त्या दिवसाशी जुळत असतील तर दोष भाराखाली उघडा पडतो आहे एवढे नक्की समजावे.

दुसरी पायरी म्हणजे डिस्कचा स्मार्ट अहवाल, म्हणजे डिस्कने स्वतः ठेवलेली आपल्या प्रकृतीची नोंद. त्यातल्या तीन ओळी पुरेशा आहेत. क्रमांक ५ आणि १९७ हे डिस्कच्या तबकडीवरच्या खराब जागा सांगतात. ते वाढत असतील तर डिस्कच थकली आहे आणि बोर्डाचा काही संबंध नाही. क्रमांक १९९ हा डिस्क आणि कंट्रोलर (सॅटा पोर्टांमागची चिप) यांच्यामधल्या वाहतुकीतल्या चुका मोजतो. हा आकडा कधीही शून्यावर परत येत नाही, म्हणून तो किती आहे यापेक्षा आजच्या आणि आठवड्यानंतरच्या आकड्यात फरक किती पडला हे पाहावे. तो वाढत असेल तर संशय असलेल्या डिस्कची डेटा केबल शेजारच्या चांगल्या डिस्कच्या केबलशी अदलाबदल करावी. पोर्ट आणि वीज जशीच्या तशी ठेवावी. पुढच्या वेळी चुका दुसऱ्या डिस्कवर दिसल्या तर केबल टाकून द्यावी. त्याच डिस्कवर राहिल्या तर पोर्ट बदलून पाहावा. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, आणि काय बदलले ते तारखेसह लिहून ठेवावे. दोन गोष्टी एकदम बदलल्या की दोष गेला तरी कशामुळे गेला हे कळत नाही आणि महिन्याभराने तो परत आल्यावर सगळे पहिल्यापासून करावे लागते.

आपल्या यंत्रात मला सर्वाधिक संशय विजेचा आहे. साडेतीन इंची डिस्क थांबलेल्या स्थितीतून फिरू लागताना १२ व्होल्टच्या तारेवर दीड ते दोन अँपिअर ओढते. चार डिस्क एकदम उठल्या तर सहा ते आठ अँपिअर, म्हणजे काही सेकंदांसाठी जवळजवळ शंभर वॅट. चांगल्या सप्लायला हे काहीच नाही. पण जुन्या, स्वस्त एसएमपीएसमध्ये लेबलवरचे ४५० वॅट बऱ्याचदा सगळ्या तारांची बेरीज करून लिहिलेले असतात आणि १२ व्होल्टच्या वाट्याला त्यातले थोडेच येतात. शिवाय वर्षानुवर्षे तापलेले त्यातले कपॅसिटर थकलेले असतात. डिस्क काही मिनिटांनी थांबवायची सोय आपण वापरत असाल तर हा झटका दिवसातून अनेकदा बसतो. मल्टिमीटर असेल तर सप्लायच्या मोकळ्या मोलेक्स (चार पिनांच्या जुन्या पद्धतीच्या) कनेक्टरच्या पिवळ्या आणि काळ्या तारांवर तो लावावा आणि डिस्क उठताना आकडा पाहावा. एटीएक्स या संगणकाच्या सप्लायच्या मापदंडानुसार तो ११.४ ते १२.६ व्होल्टच्या दरम्यान राहायला हवा. लाल तारेवर ४.७५ ते ५.२५. साधा मल्टिमीटर क्षणिक घसरण टिपत नाही, म्हणून तो ११.५ च्या आसपास रेंगाळताना दिसला तरी सप्लाय बदलावा. चांगल्या कंपनीचा, लहान क्षमतेचा, ३०० ते ४०० वॅटचा सप्लाय पुरेसा आहे, आणि आपल्या ३८ वॅटांपैकी काही वॅट त्यानेच कमी होतील.

विजेच्या तारांबाबत आणखी दोन गोष्टी. एका मोलेक्समधून दोन-तीन सॅटा काढणारे जे स्वस्त कनेक्टर मिळतात, त्यांतले साच्यात ओतलेल्या प्लास्टिकचे घेऊ नयेत. आत तारा एकमेकींच्या अगदी जवळ असतात आणि ते वितळून पेटल्याच्या घटना घडलेल्या आहेत. तारा वेगवेगळ्या दिसतात अशा, दाबून बसवलेल्या पिनांचेच कनेक्टर वापरावेत. दुसरे असे की बाहेरच्या यूएसबी डिस्कच्या खोक्यातून काढलेली डिस्क नव्या सप्लायवर फिरतच नसेल तर ती मेली असे समजू नये. अशा काही डिस्कांत सॅटा विजेच्या कनेक्टरच्या तिसऱ्या पिनवर ३.३ व्होल्ट आले की डिस्क बंद राहावी अशी सोय असते. त्या पिनवर कॅप्टॉन या विजेला अडवणाऱ्या टेपची बारीक पट्टी लावली की डिस्क उठते.

वीज आणि केबल निर्दोष ठरल्यावरच बोर्डाकडे यावे. जेएमबी५८५ वर अनेक बोर्डांत हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा) नसतो; तपासणी चालू असताना तिच्यावर बोट टेकवता येत नसेल तर औष्णिक चिकटपट्टीने लहानसा ॲल्युमिनियमचा हीटसिंक चिकटवावा आणि कॅबिनेटचा पंखा तिच्यावरून हवा जाईल असा बसवावा. प्रोसेसर १०५ अंशांपर्यंत सहन करतो आणि त्याआधी स्वतःचा वेग कमी करतो, त्यामुळे त्याची चिंता कमी आहे. बिनपंख्याचा बोर्ड मात्र विदर्भ-मराठवाड्याच्या मे महिन्यात, बंद खोलीतल्या कपाटात ठेवू नये. तिथे प्रोसेसरच्या आधी डिस्क भाजतात.

रॅमचा दोष वेगळ्या चेहऱ्याने येतो. तो डिस्क बाहेर काढत नाही. तो फाइली बिघडवतो. झेडएफएस किंवा बीटीआरएफएस या फाइल-प्रणाली वापरणाऱ्यांना तपासणीत एकाच वेळी सगळ्या डिस्कांवर चेकसमच्या (डेटा पडताळणाऱ्या आकड्यांच्या) चुका दिसल्या, तर चारही डिस्क एकदम खराब झाल्या असे मानू नये; रॅम किंवा सामायिक कंट्रोलर तपासावा. मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम रात्रभर चालवावा आणि एक जरी चूक आली तरी ती रॅमची पट्टी वापरू नये. डीडीआर५ प्रकारच्या रॅममध्ये चिपच्या आतली जी दुरुस्ती असते तिला पूर्ण ईसीसी (रॅममधल्या चुका ओळखून सुधारण्याची सोय) समजू नये. प्रोसेसर आणि रॅम यांच्यामधल्या वाटेवरची चूक तिला कळत नाही. नवा डीडीआर५ बोर्ड पहिल्यांदा चालू करताना काही मिनिटे पडदा काळाच राहिला तर वीज तोडू नये, रॅमची जुळणी चालू असते. एन१०० साठी इंटेलने अधिकृतपणे १६ जीबीची मर्यादा दिली आहे आणि रॅमचा एकच चॅनेल आहे. घरगुती फाइल साठवणुकीला ८ जीबीसुद्धा चालतात.

लॅन वारंवार तुटत असेल तर तो प्रश्न निराळा. इंटेल आय२२६-व्ही चिपवर एनर्जी एफिशियंट इथरनेट ही लॅनची वीज वाचवणारी सोय बंद केल्यावर जोडणी स्थिर झाल्याचा अनेकांचा अनुभव आहे, आणि त्याआधीच्या आय२२५-व्हीच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत दोष होते हे जगजाहीर आहे. रिअलटेकची आरटीएल८१२५ लिनक्सवर ठीक चालते, फ्रीबीएसडीवर आधारलेल्या प्रणालींत कमी भरवशाची ठरते.

आता, बोर्ड खरोखरच बदलायचा झाल्यास. दोनच डिस्क असतील तर एएसरॉकच्या एन१००डीसी-आयटीएक्ससारखा, १९ व्होल्टच्या लॅपटॉपी ॲडॅप्टरवर चालणारा बोर्ड छान आहे. एसएमपीएसच लागत नाही. डिस्कची वीज त्यात बोर्डावरूनच जाते, म्हणून चार डिस्कांसाठी मी तो सुचवणार नाही. चार डिस्कांसाठी माझी पहिली पसंती, अनेकांना पटत नाही तरी, आठव्या-नवव्या पिढीच्या आय३ किंवा आय५ चा वापरलेला ऑफिसचा डेस्कटॉप ही आहे. नव्या खास बोर्डापेक्षा तो बहुधा स्वस्त पडतो, बायोस वर्षानुवर्षे सुधारलेले असते, सॅटा पोर्ट चिपसेटचे मूळचे असतात आणि रिकाम्या वेळी तो आश्चर्य वाटावे इतकी कमी वीज घेतो. लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तापकीर गल्लीत चौकशी केली तर असे संगणक मिळतात. घेताना सॅटा पोर्ट मोजून घ्यावेत आणि डिस्कसाठी जागा आहे का ते पाहावे, कारण डेल, एचपी, लेनोव्हो यांच्या अशा यंत्रांत सप्लायचा कनेक्टर प्रमाणित २४ पिनांचा नसतो आणि बोर्ड काढून दुसऱ्या कॅबिनेटमध्ये बसवणे अवघड होते.

ईसीसी रॅम हवीच असेल तर एएमडीच्या एएम४ सॉकेटचा, ईसीसी चालते असे निर्मात्याने स्पष्ट लिहिलेला बोर्ड आणि रायझन प्रो ४६५०जी सारखा प्रोसेसर ही जोडी पाहावी. त्या मालिकेतल्या ‘प्रो’ नसलेल्या, ग्राफिक्ससह येणाऱ्या प्रोसेसरांत ईसीसी चालत नाही. वापरलेल्या मालात इंटेल जे१९०० आणि ॲटम सी२००० मालिकेचे बोर्ड कितीही स्वस्त मिळाले तरी टाळावेत. त्यांतले एलपीसी बसचे (बोर्डावरच्या चिपांना जोडणाऱ्या एका वाटेचे) सर्किट काळाबरोबर क्षीण होते, हे इंटेलने स्वतःच आपल्या त्रुटींच्या यादीत नोंदवले आहे. असा बोर्ड एके दिवशी सुरूच होत नाही. सी२००० चे हे प्रकरण २०१७ मध्ये गाजले आणि त्यात काही नावाजलेल्या नॅस यंत्रांनाही फटका बसला.

वीज जाण्याबद्दल आपण विचारलेले नाही, पण घर इन्व्हर्टरवर असेल तर त्याचा बदलाचा काळ पाहावा. बऱ्याच घरगुती इन्व्हर्टरना यूपीएस मोडचे बटण असते. तो मोड चालू नसेल तर वीज बदलायला लागणारा क्षण थकलेल्या एसएमपीएसला झेपत नाही आणि डिस्कांना तो झटका बसतो. आपल्या लॉगमधल्या घटनांच्या वेळा वीज गेल्याच्या वेळांशीही ताडून पाहाव्यात. बायोसमध्ये वीज परतल्यावर यंत्र आपोआप सुरू व्हावे ही सोय चालू ठेवावी, आणि दर वेळी वीज गेल्यावर घड्याळ मागे जात असेल किंवा बायोसची मांडणी पुसली जात असेल तर बोर्डावरचा सीआर२०३२ सेल बदलावा.

आपल्यासाठी क्रम असा ठेवतो: प्रत काढणे, लॉग आणि १९९ चा आकडा लिहून ठेवणे, नवा सप्लाय, मग डेटा केबल. सप्लाय आणि केबल बदलून एक पूर्ण मासिक तपासणी विनातक्रार पार पडली, तर बोर्ड आहे तोच ठेवावा. तरीही जेएमबी५८५ वरच्याच डिस्क एकदम गळत राहिल्या, तर ही माहिती लॉगसह विक्रेत्याला पाठवून वॉरंटीत बोर्ड बदलून मागावा, आणि तोवर रेड फक्त वाचनापुरता चालू ठेवावा.